बाबांच्या दाढीच्या साबणावर धंदा उभा राहतो का?



मागच्या महिन्यात लातूरला आपली बॅच झाली. जेवणाच्या सुट्टीत एक तरुण माझ्याकडे आला आणि त्यानं पिशवीतून एक जुनी गोल डबी काढली. आजोबांची, दाढीच्या साबणाची. आत साबण नव्हता, पण वास अजून होता.

"सर, जुन्या काळचा दाढीचा साबण परत आणायचा. ब्रश, वाटी, तुरटी, सगळा सेट. मी या डबीचा फोटो टाकला तर चारशे लाइक आले. लोक म्हणाले, आमच्या बाबांची आठवण आली. वडिलांची एफडी आहे तीन लाखांची. ती मोडून सुरू करतोय."

मी त्याला एकच विचारलं, "तू स्वतः दाढी कशानं करतोस?"

तो हसला. त्याला छान कोरलेली दाढी होती. ट्रिमरनं.

मित्रांनो, आजचा लेख त्या तीन लाखांसाठी आहे. हा विचार करणारा तो एकटा नाही. कुणाला जुना साबण आणायचा आहे, कुणाला जुना गोळी सोडा, कुणाला आजीचं उटणं. माझं मत आधीच सांगतो. आठवण तुम्हाला पहिली खरेदी मिळवून देते. दुसरी देत नाही. आणि धंदा चालतो तो दुसऱ्या खरेदीवर.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय

मी नांदेडचा. आमचे वडील रविवारी सकाळी खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचे. ॲल्युमिनियमच्या वाटीत गरम पाणी, गोदरेजचा गोल साबण, केस झडलेला ब्रश. टोपाझचं ब्लेड बोथट झालं की काचेच्या ग्लासात आतून घासून पुन्हा दोन-तीन दाढ्या काढायच्या. शेवटी तुरटीचा खडा. कपिल देवची पामोलिव्हची जाहिरात टीव्हीवर आली, तेव्हा घरात क्रीमची ट्यूब आली. आफ्टरशेव्हची बाटली मात्र फक्त लग्नाला जाताना उघडायची.

ही आठवण मनात ठेवून २०१८ साली मी दाढीच्या साबणाचे ५०० डबे बनवून घेतले. लायसन्स असलेल्या कारखान्यातून, रीतसर. पत्र्याचा गोल डबा, जुन्या धाटणीचं लेबल. एका डब्याला १३० रुपये खर्च, म्हणजे ६५,००० रुपये गुंतले. विक्री किंमत २४९.

दिवाळीच्या महिन्यात १८० च्या वर डबे गेले. मी हवेत होतो. म्हटलं, पुढच्या ऑर्डरला हजार नग सांगू.

पुढच्या दिवाळीपर्यंत एकूण विक्री झाली २३१. दुकानदारांचं मार्जिन, येणं-जाणं, कुरिअर धरून हिशोब मांडला तेव्हा साधारण १७,००० रुपये तोटा आणि २६९ डबे माळ्यावर. पावसाळ्यात साबणाला घाम सुटला, पत्र्याला खालून गंज चढला.

पण खरा आकडा वेगळाच होता. २३१ डब्यांपैकी दुसऱ्यांदा घेतलेले होते फक्त ११.

मग मी वही काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावले. बहुतेकांचं उत्तर एकच, "अहो, पहिलाच संपला नाही अजून." काही म्हणाले, "शोकेसमध्ये ठेवलाय, मस्त दिसतो." आणि वजिराबादचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "मी वापरत नाही. अधूनमधून झाकण उघडतो, वास घेतो, परत लावतो. वापरला तर संपेल ना."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून होतो. माझा माल गुरुजींना मनापासून आवडला होता. म्हणूनच ते तो पुन्हा घेणार नव्हते.

लोकांना नेमकं काय हवं असतं?

"जुन्या साबणाची मजाच वेगळी" असं माणूस म्हणतो, तेव्हा तो साबणाबद्दल क्वचितच बोलत असतो. त्याला ती रविवारची सकाळ हवी असते. दाढी करताना वडील आपल्याही नाकाला फेस लावायचे, ते हवं असतं. सलूनमधला रेडिओ हवा असतो. ते डब्यात भरून देता येत नाही. त्याला साबण दिला तर तो खूश होईल, एकदा घेईल आणि घरी जाऊन ट्रिमरच चालवेल.

दुसरं, जुन्या साबणाचा जो गुण तोच विकणाऱ्याची अडचण. हिशोब करा. ब्रशनं फेस केला तर एका दाढीला साधारण एक ग्रॅम साबण लागतो. १०० ग्रॅमची वडी म्हणजे १०० दाढ्या. आठवड्याला तीनदा दाढी करणाऱ्याला ती आठ महिने पुरते. म्हणजे तुमचं समाधानी गिऱ्हाईकसुद्धा वर्षातून जेमतेम दीड वेळा येणार. दुकानाचं भाडं मात्र दर महिन्याला येतं.

आणि मुळात लोक दाढीच कमी करतात. २०१९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं जिलेटचं हिशोबातलं मूल्य ८ अब्ज डॉलरनं कमी केलं. चलनाचे दर आणि नवी स्पर्धा ही कारणं होतीच, पण पुरुष पूर्वीपेक्षा कमी वेळा दाढी करतात हेही एक कारण होतं. आपल्याकडची बॉम्बे शेव्हिंग कंपनी बघा. सुरुवात केली ती दाढीच्या महागड्या संचापासून. आज ते ट्रिमर विकतात, महिलांसाठीचे रेझर विकतात. नावात शेव्हिंग आहे, पण नुसत्या शेव्हिंगवर ते थांबले नाहीत.

मग जुने साबण टिकले कसे?

इथे तुम्ही म्हणाल, सर, मोती साबण चालतोच की! बरोबर. तोच धडा नीट बघू.

मोती मुळात टाटांच्या टॉमको कंपनीचा. नव्वदच्या दशकात टॉमको हिंदुस्थान लिव्हरमध्ये गेली, तसा मोतीही गेला. आज वर्षभर आपल्या न्हाणीघरात दुसराच साबण असतो. पण नरक चतुर्दशीच्या पहाटे उटण्याशेजारी मोती लागतो म्हणजे लागतो. का? कारण मोतीला तारीख आहे. गिऱ्हाइकाला आठवण करून द्यायचं काम कॅलेंडर करतं. वडी महिनाभर पुरो की दोन महिने, पुढच्या दिवाळीला नवी येणारच. आठवण दरवर्षी ताजी होते आणि दरवर्षी खरेदी होते.

म्हैसूर सँडल सोप घ्या. १९१६ पासूनचा. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली, माल पडून राहिला. तेव्हा म्हैसूर संस्थानानं चंदनाचं तेल काढायचं ठरवलं आणि त्यातून पुढे साबण आला. सुरुवात आठवणीतून नव्हती, पडून असलेल्या मालातून होती. आणि शंभर वर्षं झाल्यावरही ते जुन्या गिऱ्हाइकांवर विसंबून नाहीत. २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं त्यासाठी तमन्ना भाटियाला दोन वर्षांसाठी ६.२ कोटी रुपये देऊन घेतलं. म्हणजे तरुण गिऱ्हाईक लागतंच.

कँपा कोलाचं उदाहरण तर ताजं आहे. रिलायन्सनं २०२२ मध्ये हा जुना ब्रँड घेतला आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणला. चाळिशीच्या पुढची माणसं हळवी झाली, पण बाटली उचलली ती कॉलेजच्या पोरांनी, ज्यांना जुना कँपा माहीतही नाही. २०० मिलीची बाटली १० रुपयांना होती, म्हणून. आठवणीनं बातमी झाली. माल खपला तो किमतीवर.

तिन्हीकडं बघा. मोतीला तारीख, म्हैसूर सँडलला माल, कँपाला किंमत. आठवण सगळ्यांकडे होती, पण एकट्या आठवणीवर कुणीच उभं नाही.

आता आपल्या गावात या

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून नांदेड-लातूरचा धंदा ठरवू नका. आपल्याकडच्या चार गोष्टी आधी बघा.

पहिली गोष्ट पाणी. आपल्याकडे कितीतरी घरं आणि सलून बोअरच्या पाण्यावर आहेत. ते पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळतं, फेसाऐवजी वाटीत पांढरा चोथा तयार होतो. कारखान्यात मऊ पाण्यात लोण्यासारखा फेस देणारा साबण औसा रोडच्या बोअरवर रुसून बसतो. माझ्या डब्यांबद्दलची निम्मी तक्रार हीच होती आणि मी ती चाचणी आधी केलीच नव्हती. नमुना हातात आला की पाच वेगवेगळ्या बोअरच्या पाण्यात फेस करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्टही पाण्याचीच, पण उलटी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते दिवस आठवा. ब्रश आणि वाटीनं दाढी करायला एक वाटी पाणी पुरतं. नळ सोडून दाढी केली तर बादली जाते. बघा, ही झाली आजची गरज! "बाबांची आठवण" यापेक्षा "एका वाटीत दाढी" हे वाक्य आपल्या भागात जास्त खरं आहे.

तिसरी, गिऱ्हाईक कोण? नांदेड हे सचखंड श्री हुजूर साहिबचं शहर. केस आणि दाढी राखणं ही इथल्या अनेक कुटुंबांची श्रद्धा आहे. शिवाय फॅशन म्हणून दाढी राखणारे तरुण वेगळे. त्यांना दाढी काढायचा साबण नको, राखलेल्या दाढीची निगा हवी. आपण विकायला निघतो ती वस्तू निम्म्या रस्त्याला नकोच आहे, हे दुकान टाकायच्या आधी कळलेलं बरं.

चौथी, कॅलेंडर. श्रावणात आपल्याकडे कितीतरी लोक दाढी-कटिंग करत नाहीत. पोळा झाला की सलूनमध्ये बसायला जागा नसते. मग गणपती, दिवाळी आणि पुढे लग्नसराई. माल कधी भरायचा आणि कधी हात आखडायचा, ते यावरून ठरतं. मी एकदा आषाढ संपताना माल भरला होता. शहाण्याला सांगणे न लगे.

मी आज काय केलं असतं?

टीका करणं सोपं आहे, म्हणून स्वतःला विचारलं, आज तीन लाख हातात असते तर? कारखाना नक्की काढला नसता. मोठ्या कंपन्यांच्या ट्यूबशी किमतीत भिडायला गेलो तर आपण संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे त्यांच्या ट्यूबची किंमतही खाली यायला वाव मिळाला. मी दोन रस्ते बघितले असते.

पहिला रस्ता, साबण न विकता दाढी विकायची. लोकांना ती सकाळ हवी आहे ना? मग सलूनमध्ये द्या. गरम टॉवेल, ब्रशचा फेस, नवं ब्लेड समोर उघडून, शेवटी तुरटी आणि पाच मिनिटं डोक्याला मालिश. साध्या दाढीला ६० रुपये धरा, हिला १५०. साबण, ब्लेड, टॉवेल धुणं मिळून १५ रुपये खर्च. उरले १३५.

पण थांबा, इथे बरेच जण चुकतात. या दाढीला २५ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कारागीर दोन साध्या दाढ्या करून १२० रुपये मिळवतो. म्हणजे रविवारी सकाळी हे केलं तर फायदा जवळपास शून्य, आणि रांगेतलं गिऱ्हाईक नाराज होईल ते वेगळंच. फायदा आहे तो खुर्ची रिकामी असते तेव्हा, आठवड्यातल्या दिवशी दुपारी १२ ते ४. आणि त्या वेळी मोकळं कोण असतं? निवृत्त गुरुजी, पेन्शनवाले काका. म्हणजे ज्यांना ही आठवण आहे तेच! दिवसाला अशा तीन दाढ्या, महिन्याचे २६ दिवस धरले तर १०,५३० रुपये. रिकाम्या खुर्चीतून. तुमच्या गावचा दर घालून हाच हिशोब परत मांडा.

तुम्ही स्वतः कारागीर नसाल तर नाभिक बांधवांसोबत भागीदारी करा. हात त्यांचा आहे, कसब त्यांचं आहे, तेव्हा वाटाही तसाच ठेवा. त्यांना हेही सांगा की पीएम विश्वकर्मा योजनेत नाभिक व्यवसाय आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. वडिलांची एफडी मोडण्यापेक्षा हा पैसा स्वस्त आहे.

दुसरा रस्ता, आठवणीला तारीख लावायची, मोतीसारखी. आपल्याकडे दाढीला तारीख नाही असं वाटतं, पण आहे. हळदीच्या आधी नवरदेवाची दाढी होते, त्यात नाभिकाचा मान असतो. मग "नवरदेवाचा डबा" का नाही? ब्रश, साबण, वाटी, तुरटी, छोटा आरसा. तसंच वडिलांची एकसष्टी, नोकरीतून निवृत्ती. भेट म्हणून घेणारा माणूस दुसऱ्यांदा घेत नाही, हे खरं. पण इथे दुसरी खरेदी पुढच्या लग्नाची असते. गिऱ्हाईक बदलतं, तारीख राहते. मात्र यात ५०० नग आधी बनवायचे नाहीत. ३० बनवा, मंगल कार्यालयं आणि पत्रिका छापणाऱ्यांकडे नमुना ठेवा, ॲडव्हान्स घ्या, मग पुढचा माल.

कागदपत्रांचं थोडं, पण महत्त्वाचं

घरी साबण बनवून लेबल लावून विकणं हा घरगुती उद्योग वाटतो. कायद्यानं साबण आणि शेव्हिंग क्रीम ही सौंदर्यप्रसाधनं आहेत. बनवायला एफडीएचं लायसन्स लागतं. स्वतःचा कारखाना नसेल तर लायसन्स असलेल्या कारखान्यात लोन लायसन्सवर बनवून घेता येतं. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं हवं.

आणि जुन्या ब्रँडचं नाव किंवा तसंच दिसणारं लेबल वापरू नका. "तो साबण तर कधीच बंद झाला" हे उत्तर चालत नाही. माल बंद असला तरी ट्रेडमार्क जिवंत असू शकतो. दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून तो कितीही वर्षं ठेवता येतो. ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर नाव शोधायला पैसे लागत नाहीत. आधी शोधा, मग छापा.

या आठवड्याचं काम

साबणच नव्हे, कोणतीही जुनी आठवण विकायची असेल तर या चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

१. ही वस्तू मी स्वतः गेल्या महिन्यात किती वेळा वापरली?
२. एक नग किती दिवस पुरतो? म्हणजे गिऱ्हाईक परत कधी येणार?
३. ज्याला ही आठवण अजिबात नाही, तो ही वस्तू का घेईल?
४. वर्षातली कोणती तारीख गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवेल?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुमच्याकडे छंद आहे. छंद जरूर करा, पण त्यासाठी एफडी मोडू नका. लाइक मोजू नका, दुसऱ्यांदा आलेली माणसं मोजा.

"सर, म्हणजे तुम्ही आठवणींच्या विरोधात?" अजिबात नाही. माळ्यावरचे सगळे डबे मी नंतर वाटून टाकले. एक ठेवलाय, वडिलांच्या फोटोजवळ. तो विकायचा नाही, एवढंच.

तो लातूरचा तरुण? त्याचा परवा फोन आला. एफडी अजून शाबूत आहे. आठ सलून फिरून त्यानं दुपारच्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या आहेत आणि एका काकांबरोबर बोलणं चालू आहे. जमेल की नाही, मलाही माहीत नाही. पण आता तो बरोबर गोष्ट मोजतोय.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरून ठेवा.